तक्षक त्या दिवशी घरी नव्हता

देव फार बोलतात. माझ्या नोकरीने मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. मूळ पुराणात देव प्रकट होतो, वर देतो आणि पुढच्या कामाला निघून जातो. तोच देव आजच्या कादंबरीत आला की सोफ्यावर बसतो, चहा मागवतो आणि विश्वाच्या उत्पत्तीवर तीन पानं बोलतो. त्या तीन पानांचं अर्धं पान करणं हे माझं काम. गिरगावातल्या एका जुन्या प्रकाशनसंस्थेच्या माडीवर बसून मी उमेदीची वर्षं देवांना गप्प करण्यात घालवली.

संपादक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघणारी व्यक्ती, असा आपल्याकडे समज आहे. ते काम मुद्रितशोधकाचं. पान चाळीसवर मेलेला सारथी पान नव्वदवर घोडे हाकत नाही ना, हे संपादकाने बघायचं. लेखकाला जे म्हणायचं होतं ते त्याने खरोखर म्हटलं आहे, की म्हटल्याचं त्याला नुसतं वाटतं आहे, हेही बघायचं. आणि मग हे सगळं त्याला अशा बेताने सांगायचं की तो रडणार नाही आणि बाड उचलून दुसऱ्या प्रकाशकाकडेही जाणार नाही. मराठी लेखक दोन्ही करतो, बहुधा याच क्रमाने.

आमच्या संस्थेत पौराणिक पुस्तकं पहिल्यापासून निघत. पण ती आजोबांनी वाचायची, पाटावर ठेवायची पुस्तकं. मग थोरले मालक गेले आणि त्यांचा नातू निखिल गादीवर आला. मुलगा हुशार आणि मोठ्यांशी आदबीने वागणारा, पण वाचनापेक्षा विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानांवर त्याचा अभ्यास जास्त. एके दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, आता मिथॉलॉजिकल फॅन्टसी. जुने देव, नवी मुंबई."

"नवी मुंबई की मुंबई?"

"तसं नाही हो बाई. मॉडर्न. म्हणजे कर्णाला जर लोअर परळच्या टॉवरमध्ये ठेवला तर?"

"सोसायटी ठेवून घेईल का, ते आधी विचार."

तो हसला, पण हस्तलिखितं मागवणारी जाहिरात दिलीच. त्या वर्षी माझ्या टेबलावर एका वेळी चार अश्वत्थामे होते. एक कुलाब्याला गुप्तहेर होता, एक मानसोपचार घेत होता, उरलेल्या दोघांचं काय चाललं होतं ते त्यांच्या लेखकांनाही नीटसं ठाऊक नव्हतं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले एक गृहस्थ परशुरामावरची हजार पानं घेऊन आले आणि सोबत जर्मन सिल्व्हरचा परशूही. परशू त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, माझ्याच दिशेला पातं करून. त्यांचा परशुराम समुद्र पुन्हा मागे हटवतो आणि मुंबईचा पार्किंगचा प्रश्न सुटतो.

मी विचारलं, "यात अडचण कुठे आहे? म्हणजे, नायकासमोर?"

"परशुरामासमोर अडचण?" ते दुखावले. "बाई, ते चिरंजीव आहेत."

"तेच म्हणते. ज्याला मरण नाही आणि ज्याच्यापुढे अडचण नाही, त्याच्यासाठी वाचकाने हजार पानं काळजी का करायची?"

परशू पिशवीत घालून ते गेले. पुढे त्यांनी पुस्तक स्वखर्चाने छापलं आणि दादरच्या एका सभागृहात प्रकाशन केलं. लग्नाच्या डेकोरेटरकडून आणलेला रथ होता. तो फाटकातून आत येईना, म्हणून लेखकाला फाटकाबाहेरच रथात बसवून, शंख फुंकून, तिथेच उतरवून घेतलं. प्रमुख पाहुण्यांनी अर्धा तास भाषण केलं आणि त्यात पुस्तकाचं नाव दोनदा घेतलं, दोन्ही वेळा निराळं. मी मागच्या रांगेत बसून पेढा खाल्ला. या धंद्यातला हा माझा अखेरचा निर्भेळ आनंद म्हणायला हरकत नाही, कारण त्यानंतरच्या आठवड्यात सुजाता कांबळे आली.

चाळिशीच्या अलीकडची बाई, परळच्या एका रुग्णालयात रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. फुलस्केप कागदांवर निळ्या शाईने, स्वच्छ अक्षरात लिहिलेलं बाड तिने पुढे केलं आणि उभ्यानेच म्हणाली, "मॅडम, यात देव आहेत, पण ते चांगले नाहीत. चालेल?"

"बोलतात किती?"

"कमी बोलतात. जास्त करून खातात."

मी तिला खुर्ची दिली.

कादंबरीचं नाव 'नागचाळ'. तिच्यातली गोष्ट समजायला महाभारतातली एक हकिकत माहीत असावी लागते. अग्नीला एका राजाच्या यज्ञातलं तूप खाऊन खाऊन अजीर्ण होतं. त्यावर उपाय म्हणून त्याला खांडव नावाचं अख्खं वन खायचं असतं, आतल्या सगळ्या जिवांसकट. वनात नागांची वस्ती असते आणि तक्षक हा त्यांचा राजा. वन पेटतं तेव्हा तक्षकाची बायको आपल्या मुलाला वाचवण्यासाठी त्याला गिळते आणि पोटात घेऊन उडते. तिला मारतात. मुलगा निसटतो. या बाईला महाभारताने नावसुद्धा दिलेलं नाही.

सुजाताने हे सगळं लालबागच्या एका लाकडी जिन्याच्या चाळीत आणलं होतं. तिचे नाग गिरणीत जातात, रांगेत पाणी भरतात, वर्षातून एकदा कात टाकतात आणि ती बिऱ्हाडकरू लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून गॅलरीत वाळत घालतात, कपड्यांमध्ये. अग्नी हा पोटाच्या विकाराने बेजार झालेला, शालीन बोलणारा शेठ. वाचताना मला बऱ्याच वर्षांनी असं झालं की, हातातली पेन्सिल खाली ठेवली गेली. नागिणीच्या मरणाचं प्रकरण मी दोनदा वाचलं. त्यात गिळणं नाही. तिथे ती मुलाला मोरीतल्या पाण्याच्या पिंपात उतरवते, वर ओली गोधडी टाकते आणि त्या गोधडीवर स्वतः पालथी पडते.

माझा आक्षेप एकच होता. आगीच्या प्रकरणाच्या सुरुवातीला वाक्य होतं : 'तक्षक त्या दिवशी घरी नव्हता.' मी समासात लिहिलं, 'का नव्हता?' तिने खाली उत्तर लिहून पाठवलं, 'कुठे गेला ते महाभारतात आहे, का गेला ते नाही. मलाही माहीत नाही.'

निखिलला कादंबरी आवडली. नको तितकी आवडली. त्याने सुजाताला बोलावून घेतलं आणि म्हणाला, "सुपर्ब आहे. फक्त तीन गोष्टी. नाव बदलू. 'अग्निसंहार, पर्व पहिले'. दुसरं, नागिणीला एक जबरदस्त नाव हवं. विषवल्लरी वगैरे. आणि तिसरं म्हणजे, ती मरणार नाही."

"ती मरते, सर."

"महाभारतात मरते गं. पण आपल्याला थोडं स्वातंत्र्य आहेच की."

"महाभारतातलं नाही म्हणत मी. लालबागला मरते."

"तेच तर. तुझ्याच कादंबरीतलं लालबाग, तूच बदल." निखिल खरोखर समजुतीने बोलत होता. "हे बघ, आई मेली की वाचक मटकन खाली बसतो. मला तो उभा पाहिजे, दुसऱ्या भागासाठी पाकीट काढून."

 मी सुजाताला खाली घेऊन आले. बोलणं फिसकटलं की लेखकाला खोताच्या वाडीतून एक फेरी मारून आणायची, ही माझी जुनी पद्धत. तिथली लाकडी घरं आणि कुंड्या बघून माणसं जरा निवतात. सुजाता निवली नाही. एका बंद दारापुढच्या पायरीवर बसली आणि सांगायला लागली, प्रयोगशाळेचा अहवाल वाचावा तशी.

ती सहा वर्षांची असताना लालबागच्या त्यांच्या चाळीला आग लागली. ती आणि आई वरच्या मजल्यावर खोलीत होत्या. आईने तिला पिंपात घातलं. बंबवाल्यांनी गोधडी उचलली तेव्हा सुजाता गळ्यापर्यंत पाण्यात होती, आणि आई गोधडीला चिकटली होती. त्या आगीत चाळीतली आणखीही माणसं गेली. आणि आग कशाने लागली, तर हिच्या आईचा स्टोव्ह भडकल्याने, असं ठरलं. कोणी ठरवलं ते माहीत नाही, पण ठरलं. नंतर ती बाबांबरोबर आत्याच्या शेजारी डिलाईल रोडला राहायला आली, तरी लग्नकार्यात, मयताला जुन्या चाळीतलं कुणी भेटलं की तिच्याकडे बघून हळू आवाजात म्हणायचं, "हिच्याच आईचा स्टोव्ह."

"आणि तसं नव्हतं?"

"जमीन तापली होती, मॅडम. मला पायाला आठवतं. आई म्हणाली, चप्पल घाल. घरात चप्पल घाल म्हणाली. म्हणजे खालून आलं ना ते? खाली फोमच्या बॅगांचा कारखाना होता. पण सहा वर्षांच्या पोरीला कोण विचारतं?"

"तुझे बाबा?"

"मोठी झाल्यावर एकदा सांगितलं त्यांना. म्हणाले, तू लहान होतीस. त्यानंतर आईचा विषयच नाही घरात. नावसुद्धा नाही." मग ती म्हणाली, "मी हे सगळं त्यांच्यासाठी लिहिलंय. छापलेलं पुस्तक हातात आलं की तरी वाचतील. आता थकलेत ते. फार दिवस नाहीत माझ्याकडे."

आता यात तिची गोची अशी होती. नागीण जगली तर पुस्तक निघणार, पण मग ते तिचं पुस्तक नव्हे. नागीण मेली तर पुस्तकच नाही. शेवटी निखिलने स्वतःला उदार वाटणारा तोडगा काढला. आहे तसं अक्षरजुळणीला देऊ, मुद्रितं तपासून होईपर्यंत विचार कर, आणि छपाईला जायच्या आत शेवटची चार पानं बदलून दे. नाहीतर सोडून देऊ, राग नाही.

मुद्रितं तपासायची आमची जुनी पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. लेखकाला आपली मुद्रितं एकट्याने कधी वाचू द्यायची नाहीत. तो कागदावर काय आहे ते वाचत नाही, डोक्यात काय होतं ते वाचतो. म्हणून एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने छापील पानावर बोट फिरवत जायचं. हस्तलिखित वाचणाऱ्याला आम्ही 'कॉपी धरणारा' म्हणतो. त्याने कसलाही भाव न घालता, भाजीवाल्याचं बिल वाचावं तसं वाचायचं असतं. भाव घातला की चुका सुटतात.

सुजाताची कॉपी मीच धरणार होते. पण माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळ्यांवर काळा चष्मा आला. तरी शंका निघाल्या तर सोडवायला म्हणून एका रविवारी दुपारी मी डिलाईल रोडला तिच्या खोलीवर गेले. म्हटलं, शेजारची कोणी कॉलेजातली मुलगी मिळेल वाचायला.

दार कांबळेकाकांनी, म्हणजे सुजाताच्या वडिलांनी, उघडलं. उंच, वाकलेला माणूस, स्वच्छ पांढरा सदरा. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणखी काही नाही. "जय भीम" म्हणून त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली आणि सरळ मुद्द्यावर आले.

"मॅडम, राग मानू नका. माझ्या बापाने देव-बीव सगळे सोडले. ही पोरगी परत तेच घेऊन बसली. ती तुमच्यातली गोष्ट आहे. तुमच्या लोकांनी जंगल जाळलं आणि वर त्याचं काव्य केलं."



"बाबा, पण जळाले ते आपलेच ना?" सुजाता म्हणाली. "नाग."

"मग जळालेल्यांना गप पडू दे ना, सुजे. कशाला उकरतेस?"

मला तेव्हा तो एका तत्त्वाच्या माणसाचा हट्ट वाटला. वाईट वाटलं आणि आदरही वाटला.

शेजारची मुलगी क्लासला गेली होती. सुजाता हस्तलिखित मांडीवर आणि मुद्रितं पाटावर ठेवून दोन्हीकडे नजर फिरवू लागली. ते जमत नाही, कुणालाच जमत नाही. काका खिडकीत बसून बघत होते. मग म्हणाले, "हे काय चाललंय? काम आहे का ऐकायचंय?"

मी म्हटलं, "काम आहे, काका. ऐकायचं कोणालाच नाही."

"मग द्या इकडे. कामाला मी देव बघत नाही. मिलमध्ये देवळांच्या पताकांचं कापडसुद्धा विणलंय."

आवाज खणखणीत होता. गिरणीत असताना जेवणाच्या सुट्टीत ते साच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या, लोकांना पेपर वाचून दाखवायचे, हे मला नंतर कळलं. मी एकदाच पद्धत सांगितली आणि त्यांनी ती उचलली. "अग्निशेठ म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू मला भूक नाही स्वल्पविराम मला औषध पाहिजे पूर्णविराम अवतरण बंद." मध्येच थांबून म्हणाले, "हे बरं लिहिलंय." आणि पुढे.

आमचं ठरलं होतं ते आगीच्या आधीच्या प्रकरणापर्यंत. सुजाताने तसं मला दारातच हळूच सांगितलं होतं. पण काका साच्यावरच्या माणसासारखे वाचत होते, एक ताव संपला की दुसरा. ते प्रकरण संपलं. सुजाताची पेन्सिल थांबली.  काकांनी पुढचा ताव उचलला.

"तक्षक त्या दिवशी घरी नव्हता पूर्णविराम. मुलगा उठला स्वल्पविराम तेव्हा आई मोरी धूत होती पूर्णविराम. तिने त्याला कोरडा पाव दिला पूर्णविराम."

थांबले.

मला वाटलं, अक्षर लागलं नसेल.

"हे कुणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कोरडा पाव."

"कुणी नाही. मला आठवतं. चहा नव्हता त्या दिवशी."

 काका कॉपी धरणाऱ्याच्याच आवाजात म्हणाले, "चहा कशावर करणार? स्टोव्ह मी सकाळी दुरुस्तीला टाकला होता. पंपाचं वायसर गेलं होतं."

खालून टॅक्सीचा हॉर्न वाजत होता, तो वाजत राहिला. सुजाताने मान वर केली नाही. तिचं बोट छापील ओळीवर जिथे होतं तिथेच होतं.

"म्हणजे घरात स्टोव्ह नव्हताच," ती म्हणाली.

"नव्हता."

"आणि लोक म्हणत होते तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"मी काहीच म्हटलं नाही."

"'तसं नव्हतं' एवढं पण म्हटलं नाही?"

"नाही."

"का, बाबा?"

त्यांनी ताव गुडघ्यावर ठेवला आणि हाताने सरळ केला. "संप फसल्यावर मला काम नव्हतं. तुला हाताला धरून मी आत्याच्या दारात उभा होतो. खालच्या कारखान्याचा शेठ आला भेटायला. म्हणाला, कांबळे, जाणारी गेली. माझं गोडाऊन आहे, वॉचमन पाहिजे. ही खोली त्याच्याच ओळखीने मिळाली. स्टोव्हचं त्याने काही काढलं नाही, मीही काही काढलं नाही. त्याला माहीत होतं. मला पण माहीत होतं." मग जरा मोठ्याने, "तुझी शाळा, तुझा तो लॅबचा कोर्स, सगळं त्या गेटवरचं आहे."

माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. त्या दुपारी मला तो पुरेसा काळा वाटला नाही. लेखकाला काय सांगायचं, कधी सांगायचं, हे शिकण्यात माझं आयुष्य गेलं होतं. तिथे त्यातला एक शब्द कामाचा नव्हता. उठून जावं, तर तेही काहीतरी बोलल्यासारखंच झालं असतं.

सुजाता म्हणाली, "पुढे वाचा."

"सुजे..."

"काम आहे ना? वाचा."

आणि त्यांनी वाचलं. 'चप्पल घाल' वाचलं, पिंप वाचलं, गोधडी वाचली, एकही चिन्ह न गाळता. आवाज कुठेही हलला नाही. नागिणीचं मरण वाचून झाल्यावर त्यांनी ताव नीट रचले, कडा जुळवल्या, माझ्याकडे बघून म्हणाले, "चहा घेणार ना, मॅडम?" आणि स्वतः उठून गॅस पेटवला. मी तो चहा घेतला. तो कसा होता ते मला आठवत नाही.

त्यानंतर बरेच दिवस सुजाताकडून काही आलं नाही. निखिल रोज विचारायचा, "बाई, शेवट आला का?" मी म्हणायचे, येईल. खरं तर मला वाटत होतं की येणार नाही. बापासाठी लिहिलेलं पुस्तक बापाने वाचलं होतं. आता ते कोणासाठी छापायचं?

मग एक दिवस ती आली. तोंड उतरलेलं, पण केस नीट विंचरलेले. नागिणीच्या मरणात तिने एक अक्षर बदललं नव्हतं. नावही दिलं नव्हतं. नवं एक प्रकरण मात्र आणलं होतं. तक्षक त्या दिवशी कुठे होता, आणि परत आल्यावर राखेपुढे उभा राहून त्याने काय केलं, त्याचं. अग्निशेठ त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि आपल्या गोदामाच्या फाटकावर त्याला राखणीला बसवतो. तक्षक रोज त्याला सलाम करतो. एवढंच. मी पेन्सिल हातात घेऊन वाचलं आणि कुठे लावावी असं ठिकाण सापडलं नाही.

"घरी कसं आहे?" मी विचारलं.

"डबा करते त्यांचा. औषधं देते. बोलत नाही."

"आणि ते?"

"ते आधी पण बोलत नव्हते ना."

निखिलने नवं प्रकरण वाचलं आणि अक्षरशः उडाला. "बाई, व्हिलन मिळाला! मी म्हणत होतो ना, काहीतरी कमी आहे? हा तक्षक! दुसरा भाग याच्यावर. आई मरू दे आता, काही हरकत नाही. ती मेल्यामुळेच याला वजन येतं." आणि मोठ्या मनाने 'नागचाळ' हे नावही त्याने राहू दिलं. मी सुजाताला फक्त एवढंच सांगितलं की, शेवट मंजूर आहे. का मंजूर आहे ते सांगितलं नाही. दुसरा भाग ती लिहिणार नाही, हे मला ठाऊक होतं; निखिलला अजून ठाऊक नाही, तो अजून वाट बघतो आहे. पुस्तक निघालं. रथ-बिथ काही नव्हतं. बऱ्यापैकी खपलं, एक-दोघांनी लिहिलंही, नाग हे कशाचं प्रतीक आहे वगैरे. जुन्या चाळीतली एक बाई प्रयोगशाळेत सुजाताला शोधत आली आणि तिचा हात धरून उभी राहिली, असं तिने मला फोनवर सांगितलं. काका त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले.

पण पुस्तक निघायच्या आधी त्या नव्या प्रकरणाची मुद्रितं तपासली, त्याचं सांगायचं राहिलं. तोवर माझे डोळे बरे झाले होते, म्हणून कॉपी धरायला मी डिलाईल रोडला गेले. या वेळी दार सुजाताने उघडलं. काका आधीच बसले होते, चष्मा पुसून, हात पुढे करून.

"मी धरणार कॉपी," ते म्हणाले.

मी सुजाताकडे पाहिलं. तिने ताव त्यांच्यापुढे सरकवले. हातात दिले नाहीत.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. राख वाचली, खांद्यावरचा हात वाचला, सलाम वाचला. सुजाताचं बोट ओळीवरून चाललं होतं. अडखळणं नाही, खाकरणं नाही. शेवटच्या तावावर एक वाक्य होतं. पहिल्या दिवशी फाटकावर उभा राहताना तक्षकाच्या डोळ्यांतून पाणी आलं, असं. ते त्यांनी वाचलं, पूर्णविराम म्हणाले, आणि ताव खाली ठेवला.

"हे काढ."

"का?" सुजाता म्हणाली. कित्येक दिवसांत ती त्यांच्याशी बोललेला तो पहिला शब्द असावा.

"रडला नव्हता तो."

"बाबा, ही गोष्ट आहे."

"गोष्ट आहे म्हणून काय झालं? रडला नव्हता. पहिल्या दिवशी दुपारी जेवला तो तिथे. भूक लागली होती. सगळा डबा खाल्ला. ते लिही."

सुजाताने पेन्सिल उचलली आणि ओळ खोडली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग समासात पेन्सिल टेकवून थांबली.

"डब्यात काय होतं?"

"पुऱ्या," काका म्हणाले. "शेठच्या घरून आल्या होत्या."

तिने तसं लिहिलं.